गिरणगावाचं मत कसं फिरलं

मतदानाच्या दिवशी वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या एखाद्या शाळेबाहेर अर्धा तास उभं राहून बघा. मतदान केंद्रापासून ठरावीक अंतर सोडून प्रत्येक पक्षाचं टेबल लागलेलं असतं. टेबलावर मतदार यादीचे कागद, यादीचा भाग क्रमांक मार्करने लिहिलेला पुठ्ठा, पाण्याची बाटली. माझ्या ओळखीची एक कार्यकर्ती गेली कित्येक वर्षं अशा टेबलाशी बसते. समोर आलेल्या माणसाचं नाव यादीत शोधायला तिला वेळ लागत नाही, कारण तिला माणूसच माहीत असतो. अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहिता लिहिता ती विचारते, "आई नाही आली? गुडघा दुखतोय का? थांब, पोरांना खुर्ची घेऊन पाठवते." नावापुढे खूण होते. दुपारी दोननंतर खुणा न झालेल्या नावांची उजळणी होते आणि दोन पोरं चाळीकडे पळतात. दुसरा माळा, अमुक खोली, चार मतं राहिलीत.

एखाद्या वस्तीचा राजकीय कल म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर मी या टेबलापासून सुरुवात करतो. आपण सहज बोलून जातो, "तो एरिया अमक्यांचा आहे." जणू कल हा त्या मातीचाच गुण. मग निकाल उलटा लागला की "लाट होती" म्हणून मोकळे होतो. पण मत माणसाच्या डोक्यात जितकं असतं तितकंच ते त्याच्या रोजच्या वावरात असतं. तो कुठे काम करतो, कोणासोबत राहतो, अडचणीत कोणाकडे धावतो, आणि त्याच्या दाराशी कोण येऊ शकतं, यावर ते घडतं. वावर बदलला की मत हलतं. माणूस तोच असला तरी.

हे दाखवायला मुंबईच्या गिरणगावाइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, भायखळा, नायगाव हा सगळा कापड गिरण्यांचा पट्टा. याची गोष्ट एका वाक्यात सांगितली जाते: आधी लाल होतं, मग भगवं झालं. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही.

लाल रंग कुठून आला

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या शंभर वर्षांत गिरण्यांची संख्या पन्नासच्या वर गेली. कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे या बाजूंनी. बरेचसे एकटे आले. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांनी आळीपाळीने तिथे झोपायचं आणि जेवायला खाणावळीत जायचं. घरात जागा नव्हती म्हणून आयुष्य गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत आणि भजनी मंडळात गेलं. गिरणीच्या भोंग्यावर सगळा परिसर उठायचा आणि निजायचा.

अशा जागी संघटना उभी करणं एका अर्थाने सोपं असतं. माणसं आधीच एकत्र असतात. १९२८ च्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, पुढे आली. श्रीपाद अमृत डांगे हे नाव घरोघरी पोहोचलं. कम्युनिस्टांची ताकद फक्त गिरणीच्या फाटकावर नव्हती. शाहिरांच्या कलापथकांत होती, नाक्यावरच्या बैठकीत होती, संपाच्या काळात धान्य गोळा करणाऱ्या हातांत होती.

पण एक गाठ इथेच बसली, आणि ती पुढे फार महागात पडली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता मिळायची. ती मिळाली काँग्रेसच्या बाजूच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगाराचं मन लाल बावट्याकडे, पण मालकाशी बोलणी करायचा हक्क दुसऱ्यांकडे. संपाला हाक द्यायची एकाने आणि करारावर सही करायची दुसऱ्याने. ही कोंडी पस्तीस-चाळीस वर्षं साचत राहिली. १९८२ चा संप समजून घ्यायचा तर तो इथून समजतो.

तीच माणसं, वेगळी बेरीज

१९५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा काही मतदारसंघ दुहेरी होते. एका मतदारसंघातून दोन खासदार, त्यातली एक जागा राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. मुंबई शहर उत्तर हा असाच. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, समाजवादी अशोक मेहता आणि डांगे असे तिघेही उभे होते आणि तिघेही पडले. दोन्ही जागा काँग्रेसने नेल्या.

पाच वर्षांनी, १९५७ ला, हद्दी बदलून तयार झालेल्या मुंबई शहर मध्य या दुहेरी मतदारसंघातून डांगे निवडून आले आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गो. का. माने. मधल्या काळात मतदार कम्युनिस्ट झाले होते का? नाही. संयुक्त महाराष्ट्र समिती झाली होती. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एका छत्राखाली आले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी या मागणीसाठी शंभरावर माणसं गोळीबारात गेली होती आणि त्यांत कामगार मोठ्या संख्येने होते. जी मतं १९५२ ला वेगवेगळ्या दिशांना गेली, ती १९५७ ला एका खोक्यात पडली.

निकालाकडे बघताना माझी पहिली शंका नेहमी इथे असते. माणसं बदलली की बेरीज बदलली? बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं असतं, पण चर्चा मात्र फक्त पहिल्याची होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, समितीचं काम संपलं, घटक पक्ष पांगले आणि बेरीज पुन्हा सुटली.

शाखा नावाचं दार

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. पहिल्या काही वर्षांतला तिचा प्रश्न साधा होता: मुंबईत मराठी माणसाला नोकरी का मिळत नाही? या प्रश्नाचा रोख कार्यालयांवर होता, गिरण्यांवर कमी. आणि हे महत्त्वाचं आहे. गिरणी कामगाराचा मुलगा तोवर शाळा शिकला होता. त्याला साच्यावर उभं राहायचं नव्हतं. बापाच्या आयुष्याला युनियन उत्तर देत होती. मुलाच्या आयुष्याला उत्तर द्यायला तिच्याकडे फारसं काही नव्हतं. एकाच खोलीत दोन वेगळे प्रश्न झोपत होते.

शिवसेनेने त्या मुलासाठी जी गोष्ट उभी केली ती म्हणजे शाखा. बाहेर फळा, त्यावर खडूने लिहिलेली सूचना किंवा जळजळीत चार ओळी. आत एक टेबल, संध्याकाळी ठरलेल्या वेळी बसणारा शाखाप्रमुख. नळाला पाणी नाही, शाळेत प्रवेश नाही, रुग्णालयात खाट नाही, नवरा मारतो, रॉकेल मिळत नाही, सगळं तिथे. युनियनचं दार कामाच्या ठिकाणी होतं. शाखेचं दार घराच्या वाटेवर होतं. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेचे ४२ नगरसेवक निवडून आले.

५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेसाठी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. एका बाजूला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक जिंकले, शिवसेनेचे पहिले आमदार झाले. त्या निकालाला गिरणगावाच्या इतिहासात फार मोठं स्थान आहे आणि ते रास्त आहे. पण फरक दोन हजार मतांहूनही कमी होता, हे कोणी सांगत नाही. विजयी उमेदवाराला पूर्ण जागा मिळते, म्हणून आपल्याला पूर्ण वस्ती बदलल्यासारखी वाटते. त्या रात्री परळमध्ये भगवा गुलाल उडत होता तेव्हा त्याच चाळींच्या हजारो खोल्यांत विळा-कणसाला मत दिलेली माणसं जागी होती. तिथे भीतीही होती. मारामाऱ्या, धमक्या, युनियनच्या कचेऱ्यांवरचे हल्ले या सगळ्याचा मतावर परिणाम होतो, आणि तो आकड्यांत दिसत नाही.

एक चाळ, अनेक मनं

"गिरणगावाने ठरवलं" असं आपण म्हणतो तेव्हा कोणाला वगळतो, हे जानेवारी १९७४ ने दाखवलं. मुंबई मध्य लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि त्यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. समोर कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांगे यांच्या कन्या. कागदावर आदिकांचं पारडं जड.

५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या मैदानात दलित पँथरची सभा झाली. खेड्यापाड्यांत दलितांवर अत्याचार होत असताना मत कशाला द्यायचं, म्हणून पँथरने बहिष्काराची हाक दिली होती. सभेवर दगडफेक झाली आणि वरळी पेटली. दंगल कित्येक दिवस चालली. मतदान झालं तेव्हा काँग्रेसला नेहमी मिळणारी दलित मतं मोठ्या प्रमाणात घरीच राहिली आणि रोझा देशपांडे निवडून आल्या.

इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मत न देणं हेही मतच असतं. ते कोणाच्या तरी खात्यातून वजा होतं. आणि बाहेरून एकसारखी दिसणारी वस्ती आतून एकसारखी नसते. बीडीडीच्या इमारती नकाशावर एकाच ठशाच्या, पण कोणत्या क्रमांकाच्या चाळीत कोण राहतं हे वरळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गिरणीच्या आतही हेच. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागायचा, म्हणून विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. पगार त्याच खात्यात जास्त. लाल बावट्याने हा प्रश्न पुरेसा लावून धरला नाही, ही बाबासाहेबांची तक्रार होती. १९२८ मधली ती तक्रार पुढे किती निवडणुकांत उमटली असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१९८४-८५: एकाच मतदाराची तीन उत्तरं

मला या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवणारा काळ कोणता, तर डिसेंबर १९८४ ते १९८५ चा उन्हाळा. जेमतेम सहा महिने.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती तो १९४६ चा कायदा जावा आणि मान्यताप्राप्त युनियनची मक्तेदारी संपावी ही. संप मोडला, पण तो मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही. कोणी गावी गेलं, कोणी भाजीची गाडी लावली, बायकांनी पोळ्या-पापड करून घर ओढलं. हजारोंना गिरणीने परत घेतलं नाही.

आता निवडणुका बघा. डिसेंबर १९८४: इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लोकसभा. देशभर काँग्रेसला चारशेहून जास्त जागा. आणि त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य या गिरण्यांच्या मतदारसंघाने अपक्ष दत्ता सामंतांना दिल्लीला पाठवलं. संप हरलेल्या माणसांनी संपाच्या पुढाऱ्याला निवडून दिलं.

मार्च १९८५: विधानसभा. शिवसेनेचा सबंध राज्यात एकच आमदार आला, माझगावहून छगन भुजबळ.

त्यानंतर काही आठवड्यांत महापालिका. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाईल ही भीती प्रचारात ऐरणीवर आली आणि शिवसेना सर्वांत मोठा पक्ष म्हणून पालिकेत सत्तेवर आली. भुजबळ महापौर झाले.

सहा महिन्यांत गिरणगाव कामगारवादी होतं, मग कोणाचंच नव्हतं, मग शिवसेनेचं झालं, असं म्हणायचं का? मला नाही वाटत. मतदाराला तीन वेळा तीन वेगळे प्रश्न विचारले गेले. दिल्लीत आपली बाजू कोण मांडेल? सामंत. राज्याचं सरकार कोण चालवेल? तिथे शिवसेना अजून पर्यायच वाटत नव्हती. आपल्या गल्लीतलं पाणी, गटार, दिवा कोण बघेल, आणि ही मुंबई आपली आहे हे कोण ठणकावून सांगेल? शिवसेना. ज्यांना हे विसंगत वाटतं, त्यांनी मतदाराला मूर्ख समजायच्या आधी प्रश्नपत्रिका बघावी.

पुढे कामगाराची ओळखच विरघळत गेली. भोंगे बंद झाले. पाळी सुटल्यावर फाटकावर थांबणारा जमाव उरला नाही, तेव्हा फाटकावरच्या सभेचा अर्थही उरला नाही. १९८९ ला मुंबई दक्षिण मध्यमधून शिवसेनेचे वामनराव महाडिक खासदार झाले, आणि १९९१ पासून २००४ पर्यंतच्या पाचही निवडणुकांत मोहन रावले. जे कामाच्या ठिकाणी बांधलं गेलं होतं ते कामाबरोबर गेलं. जे राहत्या घराच्या वाटेवर होतं ते टिकलं. शाखा चालू होती. २००४ ला चिंचपोकळीतून टोळीप्रमुख अरुण गवळी स्वतःच्या पक्षातर्फे आमदार झाला, तेही त्याच्या दगडी चाळीच्या दारामुळेच. अडचण घेऊन जायला जवळ कोणाचं दार उघडं आहे, हा प्रश्न लोकांनी विचारला, आणि उत्तर नेहमीच चांगलं असेल असं नाही.

हद्द हलली, निकाल हलला

गिरण्यांच्या जागेचं काय करायचं याचा नियम १९९१ मध्ये झाला: एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलून वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती ठेवली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम केला. लोकांच्या वाट्याला येणारी जमीन आक्रसली, टॉवर आणि मॉल उभे राहिले. चाळीतली माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाख होती, २०११ मध्ये ३०.८५ लाख.

माणसं कमी झाली की आमदार कमी होतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शहर जिल्ह्याच्या विधानसभा जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ वरून २६ झाल्या. गिरणगावाचा आवाज विधिमंडळात असा शांतपणे बारीक झाला. त्यावर मोर्चा निघाला नाही, कारण नकाशावरची रेघ कोणाला दिसत नाही. मला हे आजही लागतं.

लोकसभेतही मोठा बदल झाला. वरळी, शिवडी, भायखळा हे पट्टे आता मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाब्यासोबत मुंबई दक्षिणमध्ये आले. त्या नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक २००९ ला झाली. काँग्रेसचे मिलिंद देवरा सुमारे २.७२ लाख मतं घेऊन जिंकले. दुसरे मनसेचे बाळा नांदगावकर, सुमारे १.६० लाख. तिसरे शिवसेनेचे मोहन रावले, सुमारे १.४६ लाख. दोन सेनांची बेरीज तीन लाखांच्या वर जाते. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, निम्म्याहून जास्त लागत नाहीत. त्यामुळे एकाच प्रकारच्या मतदाराचे दोन वाटे झाले की तिसरा निवडून येतो. अर्थात नांदगावकरांची सगळी मतं मनसे नसती तर रावलेंनाच गेली असती, असं धरून चालणं चूक. काही घरी बसली असती, काही दुसरीकडे वळली असती. बेरीज हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

आकडे वाचायचे कसे

निकालानंतर निवडणूक आयोग नमुना २० नावाचा तक्ता प्रसिद्ध करतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मतं पडली ते असतं. एका केंद्रावर साधारण हजार-दीड हजार मतदार, म्हणजे दोन-चार चाळी किंवा एखादा टॉवर आणि शेजारची वस्ती. पक्षांचे लोक हा तक्ता रात्र-रात्र जागून वाचतात. आपणही वाचावा, पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, केंद्राचा आकडा माणसाचा नसतो. समजा एका केंद्रात सहाशे मतदार टॉवरचे, चारशे चाळीतले, आणि एका पक्षाला तिथे निम्मी मतं पडली. ती टॉवरची की चाळीची? तक्ता सांगत नाही. "अमक्या समाजाची वस्ती, तमक्या पक्षाला आघाडी, म्हणजे त्या समाजाने मत दिलं" हे वाक्य रोज वर्तमानपत्रांत येतं आणि रोज उडी मारतं.

दुसरं, टक्केवारीचा छेद तपासावा. २०२४ च्या लोकसभेत मुंबई दक्षिणमध्ये जेमतेम पन्नास टक्के मतदान झालं. लगेच "शहरी माणूस आळशी" हा सूर लागतो. पण यादीत शंभर नावं असतील आणि त्यातली वीस बदलापूरला राहायला गेली असतील, तर पन्नास मतं म्हणजे हजर असलेल्यांपैकी साडेबासष्ट टक्के झाली. कायद्याने माणूस जिथे राहतो तिथे त्याचं नाव हवं. पण जुन्या पत्त्यावरचं नाव काढायला कोणाचा हात धजत नाही. चाळ पुनर्विकासात गेलेली, भाड्याने दुसरीकडे राहतोय, परत येणार आहे. नाव गेलं तर हक्कही जाईल ही धास्ती. अशी माणसं मतदानाच्या दिवशी सकाळची लोकल धरून लालबागला येतात. मत देतात, जुन्या शेजाऱ्यांना भेटतात आणि संध्याकाळी परततात. आळशी हा शब्द त्यांच्यासाठी तरी वापरू नये.

तिसरं, दोन निवडणुकांतल्या फरकाची कारणं मतदाराच्या मनाबाहेरही शोधावीत. वरळीत २०१९ ला आदित्य ठाकरे ६७,४२७ मतांनी जिंकले, २०२४ ला ८,८०१ मतांनी. वरळी त्यांच्यावर रुसली का? काही रुसलीही असेल. पण २०१९ ला शिवसेना एकसंध होती, भाजप सोबत होता आणि मनसेने उमेदवारच दिला नव्हता. २०२४ ला पक्ष दोन झाले होते, भाजप पलीकडच्या बाजूला होता, समोर मिलिंद देवरांसारखा ओळखीचा चेहरा होता आणि मनसेच्या उमेदवारानेही एकोणीस हजारांवर मतं घेतली. स्पर्धाच वेगळी होती.

या तक्त्याची एक काळी बाजूही आहे. केंद्र लहान असलं की गुप्त मतदान पूर्ण गुप्त राहत नाही. "तुमच्या चाळीतून आम्हाला मतं नाहीत, मग पाण्याचं काम आमच्याकडे का आणता?" हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं यंत्र वापरावं अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. अभ्यासकांचा तक्ता त्याने गरीब होईल, पण नळाच्या रांगेतल्या बाईचं मत सुरक्षित राहील. मी तरी तिच्या बाजूने आहे.

गॅलरी गेली, लॉबी आली

चाळीत प्रचार करायला गॅलरी पुरते. दारं उघडी असतात, एका फेरीत एका माळ्यावरच्या सगळ्या खोल्या होतात, आणि शेजारच्या खोलीत कोण आलं हे आपोआप कळतं. टॉवरच्या फाटकावर रखवालदार असतो, वहीत नाव लिहावं लागतं, वरून फोनवर होकार यावा लागतो. तिथे पत्रक पोहोचतं, माणूस पोहोचत नाही. म्हणून टॉवरमधलं मत जास्त करून मोबाइलवर, टीव्हीवर आणि देशपातळीवरच्या विषयांवर घडतं. तिथल्या माणसाला नगरसेवकाची गरजही कमी, कारण पाणी सोसायटी बघते. २०२४ च्या विधानसभेला आयोगाने मोठ्या गृहसंकुलांच्या आतच मतदान केंद्रं दिली. त्याने मतदाराला खाली उतरणं सोपं झालं. कार्यकर्त्याला वर चढणं तितकंच अवघड राहिलं.

आणि आता चाळीतला माणूसच टॉवरमध्ये जातो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात, तेही चाळीस मजली इमारतीत. शंभर वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना स्वतःचं न्हाणीघर मिळालं, याचा आनंद मनापासून आहे.

टेबलाशी बसणारी ती कार्यकर्ती अलीकडे भेटली तेव्हा तिच्या पिशवीत एक नवी दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ. डाव्या बाजूला चाळ नंबर आणि खोली नंबर, उजव्या बाजूला विंग, मजला, घर नंबर. डावी बाजू पूर्ण भरलेली होती, तिने ती आठवणीने लिहिली होती. उजवी बाजू ती लिफ्टपाशी उभी राहून भरत होती. खाली येणाऱ्या प्रत्येकाला विचारून, एकेक नाव.